न कापता बरे करण्याचे केंद्र, करवेली

वैद्यकशास्त्राची प्रगती दोन प्रकारची असते. काल जे करता येत नव्हतं ते आज करता येऊ लागणं, हा पहिला प्रकार. त्याला इमारत लागते, यंत्रं लागतात, आणि ती चालवणारी माणसं तर फारच लागतात. आपल्याला जे करता येत नाही ते करण्याची मुळात गरजच नव्हती असं एके दिवशी सिद्ध होणं, हा दुसरा प्रकार. त्याला एक परिपत्रक पुरतं.

मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांच्या शिवेवरचं करवेली ग्रामीण रुग्णालय या दुसऱ्या प्रकारच्या प्रगतीत फार पुढे होतं. त्याची थोरवी समजायला आधी तिथली मंजूर पदं समजली पाहिजेत. शल्यचिकित्सक, पद एक, १९९१ पासून रिक्त. भूलतज्ज्ञ, पद एक, भरलेलं. पण ते गृहस्थ रुजू झाले त्याच दुपारी शहरात प्रतिनियुक्तीवर गेले. (त्यांना पाहिलेले दोन कर्मचारी अजून नोकरीत आहेत. एक म्हणतो ते उंच होते, दुसरा म्हणतो बुटके.) रक्तपेढी, नियोजित. शस्त्रक्रियागृह मात्र होतं आणि त्याचं उद्घाटन दोनदा झालं होतं. आतल्या मोठ्या दिव्याचं प्लास्टिक कोणी काढलं नव्हतं, टेबलावर मच्छरदाण्यांच्या गासड्या रचलेल्या होत्या, आणि हत्यारं ठेवायच्या ट्रेमध्ये शिपायाची कोंबडी अंड्यांवर बसायची. कोंबडीचा निकाल चांगला होता. रुग्णवाहिका एक, चार दगडांवर उभी. तिचा चालक महादू फर्डे रोज नऊ वाजता हजेरीपटावर सही करी, गाडी धुई आणि दुपारी तिच्यातच बसून डबा खाई.

१९९८ सालच्या जानेवारीपर्यंत या सगळ्याची करवेलीला थोडी लाज वाटे. महिन्याच्या अहवालात ‘मोठ्या शस्त्रक्रिया’ या रकान्यात शून्य लिहिताना हेडक्लार्क ते जरा बारीक लिहीत. मग वरच्या कार्यालयातून ते परिपत्रक आलं: ‘पोटातील अवयवांस (यकृत, प्लीहा, मूत्रपिंड इ.) झालेल्या इजांवर शस्त्रक्रिया न करता उपचार करणे हे अद्ययावत शास्त्रास धरून असल्याने सर्व संस्थांनी त्याचा अवलंब करावा. त्यासाठीच्या अटी परिशिष्ट ब मध्ये पाहाव्यात. परिशिष्ट ब यथावकाश पाठविण्यात येईल.’

हेडक्लार्कांनी हे दोनदा वाचलं आणि जुनी दप्तरं काढली. चार वर्षांत करवेलीला पोटाला मार लागलेले एकेचाळीस रुग्ण आले होते. झाडावरून पडलेले एकोणीस, जीप आणि मोटारसायकलच्या संबंधातले बारा, बैलाने मारलेले सात, आणि पाय घसरलेल्या बायका तीन. (कोणाचा पाय, हे विचारण्यात आलं नव्हतं.) या एकेचाळीस जणांवर झालेल्या शस्त्रक्रिया: शून्य. टाके चिघळल्याच्या घटना: शून्य. भूल देताना दगावलेले: शून्य. पोटात कापसाचा बोळा विसरला गेल्याच्या तक्रारी: शून्य. जे रुग्ण पुढे कल्याणला गेले ते ‘स्वेच्छेने गेले’ या सदरात होते, आणि जे त्याहीपुढे गेले त्यांच्यासाठी छापील नमुन्यात रकानाच नव्हता. शंभर टक्के यशाचा हा तक्ता वर गेला, वर कोणालातरी तो आवडला, आणि मार्चच्या एका गुरुवारी स्वतः साहेब येऊन करवेलीचा गौरव करतील असं कळवण्यात आलं. दरवाजावर पाटी लागली: ‘शस्त्रक्रियाविरहित उपचार केंद्र’.

हौसा हरड हिला या प्रगतीची काही कल्पना नव्हती. ती पेंढरीची, करवेलीपासून दीड कोसावरच्या गावची. त्याच आठवड्यातल्या सोमवारी सकाळी तिचा नवरा दामू ऐनाच्या झाडावर चढला होता. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा, म्हणजे जमिनीवर पालाफांद्या जाळायच्या, तर फांद्या तोडाव्या लागतात, आणि दामू पंचवीस वर्षं त्या तोडत आला होता. हौसा खाली भारे बांधत होती. वर कोयत्याचा आवाज थांबला, काहीतरी मोडलं, आणि दामू डाव्या कुशीवर खालच्या खुंटावर आपटला. उठला. कोयता शोधला. “काय नाय झालं,” म्हणाला. चार पावलं चालला आणि बसला.

“कुटं लागलं?” हौसानं विचारलं.

“बरगडीत.” मग जरा वेळानं, “पन खांदा दुखतो गो. डावा.”

पडला बरगडीवर आणि दुखतो खांदा, हे हौसाला पटेना. तिनं त्याचा चेहरा बघितला. तो राखेसारखा झाला होता. तिनं भारे तिथंच टाकले, रस्त्यावर येऊन कल्याणला जाणारी वडाप जीप थांबवली आणि मधल्या बाकावरच्या दोघांना उठवून नवऱ्याला तिथं आडवा केला.

करवेलीला जीप थांबली ती फाट्यावर रुग्णालय होतं म्हणून. डॉ. जोगळेकर बाहेर आले. वैद्यकीय अधिकारी म्हणून हे एकटेच. कल्याणहून रोज एसटीनं यायचे, सगळ्यांशी गोड बोलायचे, आणि कोणाला दुखवावं लागेल असा निर्णय त्यांनी आजवर टाळत आणला होता. त्यांनी जीपमध्येच दामूचं पोट दाबलं, नाडी मोजली, खांद्याचं ऐकलं आणि त्यांचे डोळे एकदम बारीक झाले. खांदा दुखण्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता. आत पानथरी, म्हणजे परिपत्रकातली प्लीहा, फाटली असावी, रक्त झिरपत असावं.

“डाक्टर, मी कल्याणलाच चाललोय,” जीपवाला म्हणाला. “नेऊ का तसाच फुडं? तासाभरात पोचवतो.”

‘ने’ हा शब्द डॉक्टरांच्या ओठावर आला होता. हौसाने तो ओठावर बघितला. तेवढ्यात हेडक्लार्क मागून खाकरले.

“सर, गुरुवारी साहेब येतायत. केंद्रात आजच्या घडीला पोटाचा रुग्ण एकही नाही. साहेब काय पाटी बघायला येणार?”

डॉक्टरांनी पुन्हा नाडी धरली. ब्याण्णव. रक्तदाब बरा होता. जीपचं इंजिन चालू होतं आणि मागचे उतारू घड्याळं बघत होते.

“तशी प्रकृती स्थिर आहे,” डॉक्टर म्हणाले. “शास्त्राप्रमाणे ठेवता येईल.”

हे बोलताना ते जीपकडे बघत नव्हते. हौसाच्या ते ध्यानात राहिलं.

आता डॉक्टरांवर अन्याय नको म्हणून सांगायला हवं की शास्त्र खरंच तसं होतं. परिपत्रकाच्या आधी वर्षभर एका मोठ्या शल्यचिकित्सकांचं व्याख्यान त्यांनी ऐकलं होतं. स्थिर असलेल्या रुग्णाची फाटलेली पानथरी पुष्कळदा आपली आपण सांधते, ती उगाच काढून टाकू नये, असं ते म्हणाले होते. डॉक्टरांनी वहीत लिहून घेतलं होतं. त्याखाली चार अटीही लिहून घेतल्या होत्या: पोट उघडू शकणारा सर्जन हाकेवर हवा, भूल देणारा हवा, रक्त तयार हवं, आणि पहिले काही दिवस दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि पोट बघणारं माणूस हवं. चारपैकी पहिल्या तीन गोष्टी करवेलीत नव्हत्या. चौथी होती. तिचं नाव अनिता सिस्टर. त्या एकट्या होत्या आणि खाटा तीस.

“दर पंधरा मिनिटांनी म्हणजे दिवसाला शहाण्णव वेळा, सर,” अनिता सिस्टर म्हणाल्या. “मी बाकीच्यांना काय सांगू, गुरुवारनंतर आजारी पडा?”

 डॉक्टरांनी हौसाला बोलावलं. (कागदोपत्री याला लोकसहभाग म्हणतात.)

“बाई, तुम्हाला मोजता येतं?”

“भात मोजते की.”

“किती?”

“खंडीनं.”

डॉक्टरांनी आपलं मनगटी घड्याळ काढून तिच्या हातात दिलं. लाल काटा एक फेरी मारतो तोवर मनगटातले ठोके मोजायचे, असं शिकवलं. हौसाने दामूच्या मनगटावर तीन बोटं ठेवली, डोळे मिटले आणि पायली मापताना मोजतात तशी सुरुवात केली, “लाभ, दोन, तीन, चार...”

“लाभ नाही हो, एक,” सिस्टर म्हणाल्या.

“रास मापताना एक नाय म्हनत,” हौसा म्हणाली. “बरकत जाते.”

डॉक्टरांनी सिस्टरना हातानंच थांबवलं. हौसाचा हिशेब विसांचा होता. दर विसाला ती एक चिंचोका पदरात टाकी. चार चिंचोके आणि वर बारा, म्हणजे ब्याण्णव. डॉक्टरांनी स्वतः मोजलं, तेही तेवढंच भरलं. मग पोटाचा घेर मोजायला टेप शोधली, ती मिळाली नाही, म्हणून सुतळी घेतली. बेंबीवरून फिरवून दोन टोकं जुळली तिथं हौसाने गाठ मारली.

“पाच चिंचोके आणि वर दहा झाले, की मला सांगायचं,” डॉक्टर म्हणाले. “सुतळी पुरली नाही, तरी सांगायचं. पाणी मागू लागला, घाम सुटला, तरी सांगायचं. मी कुठंही असलो तरी.”

“तुमी असनार ना पन?”

“असणार,” डॉक्टर म्हणाले, आणि साडेपाचच्या एसटीनं कल्याणला गेले.

सोमवार गेला, मंगळवार गेला. हौसा खाटेशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसून होती. घड्याळ मांडीवर, चिंचोके पदरात. पहिल्या दिवशी तिला मधेमधे शंका येई की आपण आपलेच ठोके मोजतोय की काय. मग बोटांना सवय झाली. दामूची नाडी तिला आता चालीवरून ओळखू येऊ लागली. तो झोपला की ती जड पावलानं चाले, खोकला की दोन पावलं पळे. एकवीस वर्षांच्या संसारात तिनं त्याचा हात इतका वेळ कधी धरला नव्हता. दोघांनाही त्याचं अवघडल्यासारखं होई.

“सोड ना जरा,” दामू म्हणे. “लोक बघतात.”

“बघू दे. डाक्टरनं सांगितलंय.”

“ऐन अर्धाच ऱ्हायला. राब कवा भाजायचा?”

“उठू नको मंग झालं. राबाचं बघीन मी.”

दर वेळचा आकडा ती सिस्टरना सांगे आणि सिस्टर मान हलवत. बुधवारी दुपारी हौसाने पायथ्याशी लटकवलेला तक्ता सहज बघितला. तिला अक्षरं येत नव्हती, पण आकडे येत होते. नाडीच्या रकान्यात ८४ होता. त्याखाली ८४. त्याखालीही ८४. असे पार गुरुवारच्या संध्याकाळपर्यंत.

“शिस्टरबाय, उद्याची नाडी आज कशी वो कळली?”

अनिता सिस्टरचा चेहरा पडला. त्या हळूच म्हणाल्या, “साहेबांसाठी तक्ता भरलेला लागतो, हौसाबाई. उद्या मला तबकं धरायची आहेत, हारतुरे आणायचेत. हेडक्लार्क म्हणाले आधीच भरून टाका. तुम्ही मोजत राहा. खरं मोजणारं कोणीतरी एक असलं म्हणजे झालं.”

ही व्यवस्था वाईट नव्हती. एका खाटेला दोन नाड्या, एक साहेबांसाठी आणि एक हौसासाठी. दोन्ही जोवर जवळजवळ चालत होत्या तोवर कोणाचं काही अडत नव्हतं.

गुरुवारी दहाच्या सुमारास त्या एकमेकींपासून लांब जाऊ लागल्या. आधी पाच चिंचोके. मग पाच आणि वर सात. बाहेर अंगणात मांडव उभा राहिला होता, कर्णा वाजत होता. दामूच्या कपाळावर घाम आला, थंड. तो पाय झाडू लागला.

“हौसे, पानी दे गो. घसा सुकला.”

हौसाने सुतळी काढली आणि पोटावरून फिरवली. टोकं जुळेनात. मधे तीन बोटांची फट राहिली. तिनं पुन्हा नाडी धरली. लाभ, दोन, तीन... ठोके बारीक झाले होते आणि पळत होते, एकातून दुसरा वेगळा काढणं मुश्कील. सहा चिंचोके, वर आठ.

सिस्टरनी येऊन बघितलं आणि “अगं बाई!” म्हणून त्या धावत मांडवाकडे गेल्या. पाच मिनिटं झाली, परत येईनात. (मांडवाच्या तोंडाशी हेडक्लार्कांनी त्यांच्या हातात शाल-श्रीफळाचं तबक दिलं होतं, आणि साहेबांचं भाषण सुरू असताना तबक खाली ठेवणं शिष्टाचाराला धरून नव्हतं.) तेव्हा हौसाने शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या सुनेला, लहानीला हाक मारली, दामूचा हात तिच्या हातात दिला आणि स्वतः निघाली.

मांडवात साहेब बोलत होते. जगातले पुढारलेले देश जिथे आज पोचू पाहताहेत तिथे आपली करवेली कधीच पोचलेली आहे, असं ते म्हणत होते, आणि ते अगदी खरं होतं. डॉ. जोगळेकर शेजारी उभे होते. नुकतीच पांघरलेली शाल त्यांच्या खांद्यावर होती. हौसा मधल्या वाटेनं सरळ व्यासपीठापर्यंत गेली.

“डाक्टर, सहा चिंचोके न् वर आठ. सुतळी पुरत नाय.”

 कर्ण्यातून नुसती खरखर ऐकू येत होती. हेडक्लार्क लगबगीने पुढे झाले आणि त्यांनी साहेबांच्या हातात तक्ता दिला. साहेबांनी चष्मा लावून तो नीट वाचला. साहेब उर्मट नव्हते, उलट फार सौम्य होते.

“बाई, घाबरू नका,” ते म्हणाले. “तुमचा रुग्ण स्थिर आहे. ही बघा, अकरा वाजताची नाडी चौऱ्याऐंशी.”

“सायेब,” हौसा म्हणाली, “कागद थिर हाय. मानूस थिर नाय.”

डॉक्टर व्यासपीठावरून उतरले. चालत निघाले आणि वऱ्हांड्यात पोचेपर्यंत धावू लागले. दामूच्या मनगटाला हात लावला, मग पोटाला. पोट ताठ झालं होतं. मागून साहेब, हेडक्लार्क आणि तबक असा सगळा समारंभ वॉर्डात आला.

“कल्याणला हलवायला हवं,” डॉक्टर म्हणाले. “आत्ता.”

“अवश्य,” साहेब म्हणाले. “अवश्य हलवा. स्वेच्छेने गेले म्हणून नोंद घ्या. फक्त कार्यक्रम आटोपू दे. पाहुणे बसलेत, बाहेर फोटोग्राफर आहे. आणि तुमच्याकडे वाहन कुठे आहे?”

हा मुद्दा बिनतोड होता. डॉक्टर शालीचं टोक हातात घेऊन उभे राहिले. आयुष्यात त्यांनी इतक्या लोकांसमोर काही ठरवलं नव्हतं. सोमवारी जीपचं इंजिन जितका वेळ चालू होतं, साधारण तितकाच वेळ ते तसे उभे होते.

हौसा त्यांच्यासाठी थांबली नाही. ती मागच्या अंगणात गेली. महादू फर्डे आपल्या रुग्णवाहिकेचा आरसा पुसत होता.

“महादूदादा, तुला गाडी चालवता येते ना? खरी?”

“येते काकी. पन हिला चाकं नायत.”

“त्या सायबाच्या गाडीला हायेत.”

साहेबांची जीप फाटकाशी सावलीत उभी होती. तिचा चालक शाळेच्या पटांगणात पंगतीला बसला होता आणि किल्ली गाडीलाच होती. महादूने एकदा गाडीकडे बघितलं, एकदा मांडवाकडे. तीन वर्षं तो चालक म्हणून सही करत होता.

“आना त्याला,” तो म्हणाला.

स्ट्रेचर शस्त्रक्रियागृहात होतं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. लहानीने ते दातांनी फाडलं. कोंबडी ओरडत बाहेर पळाली. हौसा, लहानी, अनिता सिस्टर (तबक त्यांनी शेवटी साहेबांच्याच हातात दिलं) आणि हिवतापातून उठलेले दोघे, अशा पाच जणांनी दामूला उचलून साहेबांच्या जीपमध्ये घातलं. महादूने गाडी सुरू केली. ती एकदा बंद पडली, दुसऱ्यांदा उडी मारून निघाली. फाटकाबाहेर पडता पडता कोणीतरी मागून आत शिरलं. डॉ. जोगळेकर. खांद्यावर शाल तशीच, हातात सलाइनची बाटली उंच धरलेली.

साहेब पायरीवर उभे राहून बघत होते. फोटोग्राफरने फोटो काढला. पुढे तो ‘मान्यवर केंद्राच्या कार्याचे निरीक्षण करताना’ या ओळीसह अहवालात छापला गेला.

मुरबाडच्या बाजारातून जाताना महादूने हॉर्नवरचा हात उचलला नाही. दामू बडबडू लागला होता. ऐनाचं, कोयत्याचं, कुठल्यातरी विहिरीचं. हौसा खाली बसून त्याचं मनगट धरून होती आणि मोठ्यानं मोजत होती. मुरबाड सुटल्यावर एका वळणावर ती थांबली.

“डाक्टर, लागत नाय. ठोका लागत नाय.”

डॉक्टरांनी मानेवर बोटं रोवली. “आहे,” ते म्हणाले. “इथे आहे. इथे धरा.” मग जरा वेळानं म्हणाले, “सोमवारीच पाठवायला हवं होतं, बाई. मला कळत होतं.”

हौसाने त्यांच्याकडे बघितलं नाही. “बाटली वर धरा,” म्हणाली.

कल्याणच्या इस्पितळात दामूचं पोट उघडलं तेव्हा आत रक्ताचं तळं होतं. पानथरी काढली. चार बाटल्या रक्त चढवलं, त्यातली एक डॉ. जोगळेकरांची आणि एक महादूची. तिसऱ्या दिवशी दामूने डोळे नीट उघडून हौसाला विचारलं, “राब भाजला?” आणि हौसा पहिल्यांदा रडली. तिथला तरुण सर्जन राउंडला आला तेव्हा तिनं विचारलं, कापल्याशिवाय भागलं नसतं का.

“भागलं असतं कदाचित,” तो म्हणाला. “सोमवारी इथे आणला असता तर मीही लगेच कापलं नसतं. नजर ठेवली असती, आणि गरज लागली असती तर दहा मिनिटांत आत घेतलं असतं. न कापायला कापणारा जवळ लागतो, मावशी.”

हौसाला हे एका दमात कळलं. परिशिष्ट ब मध्ये बहुधा हेच असावं, पण ते परिशिष्ट करवेलीला अद्याप पोचलेलं नाही.

पुढचं सगळं रीतसर झालं. शासकीय वाहनाचा अनधिकृत वापर केल्याबद्दल महादूला निलंबित करण्यात आलं आणि आठ महिन्यांनी, दुसरा चालक मिळत नसल्याने, पुन्हा त्याच चाकं नसलेल्या गाडीवर घेण्यात आलं. डॉ. जोगळेकरांना कारणे दाखवा नोटीस आणि गौरवपत्र एकाच लिफाफ्यातून आलं. त्यांनी नोटिशीला उत्तर दिलं, सविस्तर, चारही अटींसह, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी दुखवलं. त्यांची बदली झाली. दामूची नोंद मात्र केंद्राच्या यशातच राहिली, कारण करवेलीत त्याच्यावर शस्त्रक्रिया झालेली नव्हती. एकूण रुग्ण बेचाळीस, शस्त्रक्रिया शून्य, यश शंभर टक्के.

२००३ साली मुंबईहून प्रियांका नावाची एक मुलगी ग्रामीण आरोग्यावर लिहायला म्हणून आली. शहापूरला उतरून, दोन गाड्या बदलून पेंढरीला पोचली. हौसाच्या ओटीवर बसून तिनं सगळं ऐकलं, टेपवर घेतलं, मधे दोनदा डोळे पुसले आणि कोंबडीपाशी मनापासून हसली. दामू खाटेवर पडून होता. पोटावरची रेघ त्यानं अभिमानाने दाखवली. केंद्र अजून चालू आहे का, असं मुलीने विचारलं.

“चालू हाय ना,” हौसा म्हणाली. “आता तर नवी पाटी लावली. मागल्या सावनात वाडीवरची सावळी गेली थितं. बैलानं मारलेलं. तीन दिस थिर होती.”

 मुलीनं टेप बंद केला.

“ह्ये आता काय करनार तुमी?” हौसाने विचारलं.

“लिहिणार. छापून येईल. खूप लोक वाचतील.”

“आन् वाचून?”

“त्यांना वाईट वाटेल. हसूही येईल मधेमधे.”

“मंग?”

 “मग... विचार करतील ना.”

“उठून कुटं जातील का?”

“म्हणजे लगेच असं नाही. घरी बसूनच वाचतात लोक.”

हौसाने तिच्याकडे जरा वेळ माया केल्यासारखं बघितलं. पोरगी चांगली होती, उन्हातून आली होती.

“म्हंजे कागद नीट वाचनार, हळू आवाजात चार शब्द बोलनार, आन् हाये थितंच ऱ्हानार,” ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली. “मंग गो बाय, तुमचे वाचनारे आन् आमचा सायेब, एकच की.”